घासलेटातलं पाणी

त्रेचाळीस साली लोणावळ्यात रेशनच्या तांदळाच्या रांगेत माझ्यापुढं भाजे गावचं एक जोडपं उभं होतं.

“बाटलीत पाणी शिरलंय, तेवढं टाका म्हनलं व्हतं म्या.”

“टाकलं की.”

“कुठलं टाकलं?”

“वरचं. लय हळू ओतलं. खालचं ढवळू दिलं न्हाई.”

“अवं, घासलेट पाण्यावर तरंगतं. तुमी घासलेट ओतून दिलं अन् पाणी जपून ठिवलं.”

“मला वाटलं, तेल जड असतंय.”

“आता पुढल्या आठवड्याबिगर घासलेट मिळायचं न्हाई. पोरगी बाळंतपणाला आलीया. दिवा कशानं लावू?”

“शेजारच्या गेणूकडं अर्धी बाटली मागतो.”

“मागा. पर बाटली घ्यायला मी येते.”

“मला आणता येत न्हाई व्हय?”

“तुमी नुसतं मागा.”