पाच दिवसांपुरतं

नाशिकरोडहून एकलहऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर तिशीतली एक बाई आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती. मुलीच्या मांडीवर नव्या पोहायच्या ड्रेसची पिशवी होती.

"तृप्तीमावशी, अंदमानला आईचा फोटो नेऊ?"

"ने की, मैथू. माझ्या साड्यांच्या घडीत ठेवू, म्हणजे काच फुटणार नाही."

"तुम्हाला चालेल?"

"का नाही चालणार? तिला समुद्र आवडायचा का गं?"

"आठवत नाही. ती गेली तेव्हा मी लहान होते."

"मग पप्पांना विचारू. तिथे निवांत सांगतील."

"तिथे शाळेतलं, कॉलनीतलं कोणी नसेल ना?"

"कोणी नाही. आपण तिघंच."

"हॉटेलवाले विचारतील, या तुझ्या कोण?"

"तुला वाटेल ते सांग."

"पप्पांशी लग्न झालेल्या मावशी, असं सांगू? हसतील ते."

"हसू देत."

"नाही, मी ठरवलंय. आईला मी आई म्हणायचे. मम्मी असं कोणालाच म्हणत नव्हते. ते रिकामंच आहे."

"अगं..."

"तिथे पाच दिवस म्हणून बघू?"

"बघ. नाही जमलं तर मावशी म्हण. मी दोन्हीला ओ देईन."

"आत्ता एकदा म्हणते, हळूच."

मुलगी तिच्या कानाशी वाकली.

"ऐकू आलं?"

"नाही गं. बसचा आवाज फार आहे."

"मग परत म्हणते."