मेजर जनरल चुरी आणि तलासरीचा स्टॅम्प पेपर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वाचनालयाच्या प्रमुख माननीय संगिताताई, पंचाहत्तरी पूर्ण केलेले आजचे सत्कारमूर्ती मेजर जनरल गोपीनाथ चुरीसाहेब, त्यांना उद्या कायमचं पुण्याला न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या अदितीताई, आणि डहाणू, कैनाड, तलासरीहून कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी रविंद्र, तहसील कचेरीतला निवृत्त अव्वल कारकून. एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शेरे मारले. कचेरीत बोलायला मिळालं नाही, त्यामुळे माईक हातात आला की सोडवत नाही. ताईंनी दहा मिनिटं दिली आहेत. बघू.

साहेबांची ओळख मी काय करून देणार? नव्याण्णवच्या युद्धात ते एका डिव्हिजनचे प्रमुख होते. युद्ध संपल्यावर, परत न आलेल्या प्रत्येक जवानाच्या घरी त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. टाइप केलेलं एकही नाही. हे साहेबांनी कधी सांगितलं नाही, अदितीताईंकडून कळलं.

पुढे सरकारनं त्यांना आफ्रिकेतल्या एका छोट्या देशात राजदूत म्हणून पाठवलं. तिथे दोन गट आठ वर्षं एकमेकांवर बंदुका रोखून बसलेले. साहेबांनी दोन्ही पुढाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि ताटात डहाणूचे चिकू ठेवले. एकानं बटाटा समजून मीठ मागितलं, तसा दुसरा हसायला लागला. तिथून म्हणे बोलणी सुरू झाली. विपुलशेठ, तो चिकू तुमच्या बागेतला नव्हता, उगाच कॉलर ताठ करू नका.

मी एकदा विचारलं होतं, साहेब, सेनापती होणं अवघड की राजदूत? म्हणाले, "सेनापतीला हुकूम सोडता येतो, रविंद्रराव. राजदूताला नुसतं ऐकून घ्यावं लागतं. मला दुसरं शिकायला फार वेळ लागला."

आता कैनाडची गोष्ट. साहेब निवृत्त होऊन तिथल्या बागेत राहायला आले. बागेचं सगळं चैत्याभाऊ बघतात. ते बघा, तिसऱ्या रांगेत, आज इस्त्रीचा शर्ट आहे. २०१४ साली त्यांच्या शितलचं लग्न तलासरीकडच्या पाड्यावरच्या मनिषशी ठरत होतं. पोरापोरीची पसंती होती. अडलं होतं एका गोष्टीवर. शितलचं नर्सिंगचं एक वर्ष बाकी होतं. मनिषची आजी, आपल्या जानीआजी, म्हणत होत्या लग्न याच उन्हाळ्यात. मी काय वर्षभर टिकते? दोन्हीकडचे हट्टाला पेटले. चैत्याभाऊ साहेबांकडे आले, "तुमी बोला, तुमचा ऐकतील."

साहेब बोलले. खरं म्हणजे ऐकत बसले. तीन रविवार मला सोबत नेऊन त्यांनी म्हातारीचं ऐकलं आणि चौथ्या रविवारी म्हातारी आपणहून म्हणाली, शिकू दे पोरीला, पुढच्या साली करू. केवढं मोठं काम झालं! आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. कारण ठरलेलं पक्कं करायला पाचव्या रविवारी स्टॅम्प पेपर गेला. पक्ष क्रमांक एक, पक्ष क्रमांक दोन, येणेप्रमाणे लिहून देतो की. खाली अंगठ्यासाठी जागा.

पाड्यावर लग्न शब्दावर ठरतं. चार माणसांत शब्द गेला की गेला. कागद आला म्हणजे शब्दावर भरवसा नाही, असा त्याचा अर्थ. जानीआजी उठल्या. "कागूद कशाला? तोंड नाय का तुमाला? माझ्या सासऱ्यानं असाच अंगठा दिला. दुसऱ्या साली आमच्या शेताला दुसऱ्याचा कुंपण." लग्न मोडलं. कोणी चहासुद्धा घेतला नाही. शितल दोन दिवस जेवली नाही, आणि चैत्याभाऊ बागेत कोणाशी बोलेनात.

तिसऱ्या दिवशी साहेब सकाळच्या एसटीनं तलासरीला निघाले. मी सोबत. जानीआजी अंगणात तूर पाखडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. साहेब समोर उभे राहिले. तास गेला, दीड तास गेला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, वर ऊन. शेवटी म्हातारीच म्हणाली, "उभा कशाला? बस की."

"चूक सांगायला आलोय, आजी. चूक बसून सांगत नाहीत. कागद माझा. चूक माझी."

साहेबांनी खिशातून तो कागद काढला, तसा म्हातारीनं हात पुढे केला. उलटसुलट बघितला, आत गेली आणि चुलीत घातला. त्याच चुलीवर चहा झाला आणि मोडलेलं लग्न जुळलं. मी आयुष्यभर जपलेल्या शासकीय कागदाचा यापेक्षा चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

पुढच्या साली लग्न लागलं. जानीआजींनी साहेबांचा हात धरून त्यांना नाचवलं. युद्ध जिंकलेल्या माणसाचं पाऊल एकदाही तालावर पडलं नाही. शितल आज नर्स आहे, आणि टिकणार नव्हत्या त्या जानीआजी पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

इथेच थांबावं असं घरून ठरवून आलो होतो. पण साहेब उद्या जाणार, मग हे कधी सांगू?

त्या चौथ्या रविवारी परत येताना मीच साहेबांच्या मागे लागलो होतो, लेखी घ्या, लेखी घ्या. ते दोनदा म्हणाले, "कशाला, रविंद्रराव? बाईंनी शब्द दिलाय." मी म्हटलं, साहेब, तुम्हाला इथली माणसं माहीत नाहीत. स्टॅम्प पेपर मी आणला. टाइप मी केला. अंगठ्याची जागा मी आखली. आणि त्या अंगणात साहेब चूक स्वतःची म्हणून सांगत असताना मी त्यांच्या मागे गप्प उभा होतो. परतीच्या एसटीत मी विषय काढला, तर म्हणाले, "खालच्याची चूक वरच्याच्या नावावर जाते. फौजेत तसंच असतं."

लग्न जुळवायला सोबत होतो म्हणून चार वर्षं चैत्याभाऊ पहिला आंबा माझ्या घरी पाठवतात. मी खातो. मला लाज वाटते.

अध्यक्षा, आपण बोलू दिलंत, सभेनं ऐकलं, सर्वांचा ऋणी आहे. भाषणात वेळ जास्त घेतला, कोणाचं नाव राहिलं, त्या चुका तुम्ही पोटात घालालच. ही एक चूक मात्र मी माझ्या नावावर मागतो. चैत्याभाऊ, शितल, जानीआजी, तो कागद माझा होता. मी उभा आहे.