लाल औषधाचं बोट

— न्हाई, आधी ती कणीक ठेव खाली. बस. तिथं न्हाई, पंख्याखाली. रात्रपाळी करून आलेय मी, पाय नुसते ठणकायलेत, त्यात तू समोर उभी राहून पोळ्या लाटल्यास की अजून बेजार वाटतं. हे बघ, हे काय हाय? तुझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होतं. झडती-बिडती घेतली न्हाई मी, धुण्याआधी खिसे बघायची सवयच हाय — वॉर्डातल्या कपड्यांत काय काय सापडतं, सुई, कापूस, एकदा तर कुणाचा दात. पण सुनेच्या खिशात असलं पत्र पहिल्यांदाच. हैदराबाद. नर्स प्रॅक्टिशनर, दोन वर्षं, अतिदक्षता विभाग. आज शेवटची तारीख. आणि त्याच्यामागं तुझ्याच अक्षरात — 'कौटुंबिक कारणास्तव प्रवेश नाकारत आहे.' कौटुंबिक म्हणजे कोण गं उर्वी? मी?

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल, लग्नाला दोन महिने झाले, अजून तुझा आवाज नीट ऐकला न्हाई मी. — 'तुम्ही पण सोडलंच होतं.' हां. हे आदिनाथनं सांगितलं. सांगणारच. क्लासमध्ये फिजिक्स शिकवता शिकवता दरवर्षी सांगतो म्हणे — माझ्या आईनं किल्लारीच्या माणसांसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं, अन् तुम्हाला मोबाईल सुटत न्हाई. टाळ्या पडतात. या गल्लीत घरटी वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली लेकरं, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो, आणि त्यात नर्सची एवढी एकच गोष्ट. ती पण सोडल्याची.

खोटी हाय ती गोष्ट.

थांब, कुकर बंद करते. — बस म्हटलं ना, मीच करते.

भूकंप झाला तेव्हा मी पंचवीसची. आदिनाथ दीड वर्षाचा. किल्लारीच्या पुढच्या एका गावात जीपनं नेऊन सोडलं आम्हाला — एक डॉक्टर, मी आणि औषधाची पेटी. शाळेच्या मैदानावर माणसं आडवी, ओळीनं. डॉक्टर लिंबाखाली टाके घालत बसले ते बसलेच, मान वर करायला सवड न्हाई. म्हणाले, सिंधु सिस्टर, ट्रकमधून आधी कोण जाईल ते तुम्हीच बघा. मी! मला तर तोवर ताप किती ते लिहायचंच माहीत. पण बघितलं. नाडी बघितली, पोटं बघितली, डोळे बघितले. आणि ट्रक भरणाऱ्यांना कळावं म्हणून लाल औषधात बोट बुडवून कपाळावर टेकवत गेले. ज्याचं कपाळ लाल, तो आधी. लई हुशार वाटले मी मला — त्या तसल्या रडारडीत — कशाला खोटं बोलू, वाटले.

पंचफुला नावाची बाई होती. अंगावर ओरखडा न्हाई. पण पोटाला हात लावला तर फळीसारखं, नाडी धाग्यासारखी. आत रक्त जायलंय, एवढं कळलं मला. तिच्या कपाळावर बोट टेकवलं, पुढं गेले. ट्रक भरला, गेला. तासाभरानं बघते तर पंचफुला तिथंच. कपाळ कोरं. उशाशी तिची जाऊ बसलेली, पदराच्या टोकाला लाल डाग. मी ओरडले तिच्यावर, काय केलंस हे? तर म्हणाली — बाई, तिचा मालक दोन वर्षांमागं गेला की वो. तिला कुणी कुंकू लावलं काय की, तेवढं पुसलं. — तिचं स्वतःचं लेकरू अजून ढिगाऱ्यातून निघालं नव्हतं, उर्वी. आणि त्यात आठवणीनं जावेची लाज राखली तिनं. तिला काय बोलणार मी? दुसरा ट्रक आला तोवर पंचफुलेला कुठं न्यायचं कारण उरलं नव्हतं.

दोन महिन्यांनी माझं पत्र आलं, पुढच्या शिक्षणाचं. भूकंपाची ड्युटी केव्हाच संपलेली. रजा मंजूर. लेकराला सांभाळायला माझी आई रेणापूरहून येऊन बसलेली, तुझ्या सासऱ्यांनी बॅगसुद्धा भरलेली. मीच गेले न्हाई. सगळ्यांना म्हटलं, ती माणसं टाकून कशी जाऊ? लोकांनी शाल-नारळ दिला. का गेले न्हाई म्हणशील, तर जास्त शिकलेल्या नर्सला ठरवावं लागतं. मला परत ठरवायचं नव्हतं. डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन, सांगतील तेव्हा — निघाली की तेवढ्यावर नोकरी! आणि मग, लई वर्षांनी, एका प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीआधी, तुझ्याएवढ्या एका पोरीनं पाच मिनिटांत शिकवलं — आधी कुणाला न्यायचं त्या खुणेची पट्टी मनगटाला बांधायची. मनगटाला. बस, एवढंच. मी त्या दिवशी जेवले न्हाई, म्हटलं पित्त झालंय.

तुझ्या गृहप्रवेशाला उंबऱ्यापाशी, कुंकू लावायला माझं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं. शेवटी आत्याबाईंनी लावलं. तू बघितलंस ते. बोलत न्हाईस, पण बघतेस सगळं. वाटलं असेल, सासूच्या मनात न्हाई आपण. — वाटलं ना? हां. तसं न्हाई ते.

चल, पुरे आता. ते पत्र खोड. म्हणजे पत्र नको गं बाई, मागची ओळ खोड, आणि फोन करून हो म्हण, आत्ताच्या आत्ता. आदिनाथला यातलं काही सांगू नको. पोराच्या टाळ्या जातील. — न्हाई, सांग. तूच सांग, माझ्यानं दोनदा व्हायचं न्हाई हे.

काय बघायलीस अशी? मनगट सोड माझं, कणकेचे हात हायत तुझे. सोड. झोपते मी. जाताना दार लोटून घे.