मालकाला विचारून सांगते

हॅलो? … हॅलो, दादा! अरे, सकाळपासून चारदा लावला… हो, मीटिंग. असणारच. आता दोन मिनिटं आहेत ना? … नाही नाही, बाबा बरे आहेत. बरे म्हणजे नेहमीसारखे. झाडासाठी लावला होता.

अंगणातलं, दुसरं कुठलं? तुतीचं… हो, तेच. परवाच्या वाऱ्यात बाबांच्या खोलीवरची ती मोठी फांदी कडकन वाजली. … पडली नाही रे, नुसती वाजली. पण जिथून फुटते ना, तिथे भेग पडलीय. खिडकीतून सरळ दिसते. … हो ना, बरोबर खाली बाबांचा पलंग. … सांगितलं! दहा वेळा सांगितलं, खोली बदलू या. ‘मी या खिडकीपासून हलणार नाही.’ आता काय उचलून नेऊ?

अरे ऐक ना… म्हणून आज झाडवाल्यांना बोलावलंय. अंगणातच उभ्या आहेत. … उभ्या. बाई आहेत. हस, हस तू. दोर लावून सरसर चढतात. खाली दोर धरायला दोन माणसं आहेत. आल्या आल्या करवत नाही काढली, पाऊण तास लाकडी हातोडीने बुंधा ठोकत होत्या आणि कान लावून ऐकत होत्या. कुठे भरीव, कुठे पोकळ.

छे, त्या कुऱ्हाडवाल्यासारख्या नाहीत. तू आणलेला तो, आठवतो ना? सगळा शेंडा सपाट केला आणि कापलेल्या जागी रंग फासून गेला. ‘झाड तरुण होईल’ म्हणे! तिथूनच कुजायला लागलं, असं बाई म्हणतात. … मी नाही, त्या म्हणतात! तुझ्यावर कोण खापर फोडतंय?

… फोटोत हिरवं दिसतं म्हणजे काय? पानं हिरवीच असतात रे. आत काय झालंय ते फोटोत येत नाही.

बरं, मुद्द्याचं सांगते. झाड वाचतंय. ऐकलंस? ती एक फांदी उतरवायची, दुसऱ्या दोन थोड्या हलक्या करायच्या, आणि बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करायची. वर पालापाचोळा पसरायचा, पण बुंध्याला चिकटू द्यायचा नाही. … कुठलं सिमेंट? तुझ्या गाडीसाठी ओतलंस ते, दादा. चार वर्षांत दोन दिवस उभी राहिली गाडी त्यावर. … टोमणा नाही. आहे ते सांगितलं.

मग तुला कशाला फोन? कारण मालकाने हो म्हटल्याशिवाय त्या करवतीला हात लावत नाहीत! … मीही तेच म्हटलं. पाणी मी घालते, पानं मी झाडते, चादरींवरचे तुतीचे डाग मी घासते. त्यांनी विचारलं, ‘घर कोणाच्या नावावर?’ काय सांगणार? … अरे, त्यांनाही एकदा चटका बसलाय. एका घरी धाकट्याने सांगितलं म्हणून झाड उतरवलं, तर थोरल्याने सगळे ओंडके आणून यांच्याच दारात टाकले. दार उघडेना! तेव्हापासून एकच, मालकाला विचारून सांगा, नाहीतर आम्ही निघतो.

हो, हो बाई, बोलतेय! मालकच आहे फोनवर!

म्हण ना रे पटकन हो. … तू येईपर्यंत? कधी येतोयस? … ‘बघतो’ म्हणजे कुठला महिना तो?

आले, बाबा! फोनवर आहे! … दादाच आहे! … हॅलो, देऊ का त्यांना? … बरं, घाई आहे. … नंतर बोलतो म्हणाला, बाबा!

दादा, ऐक. वारा सुटला की मी त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसते. फांदी पडली तर मी काय झेलणार आहे? पण बसते. गेल्या वर्षभरात भाजीवाला आणि औषधवाला सोडून तिसरं दुकान पाहिलेलं नाही मी. … रडत नाहीये. जीव गुदमरतो, एवढंच. एक ‘हो’ हवाय तुझा.

… काय? … हो? अरे, मग इतका वेळ का माझा जीव खात होतास!

… काय म्हणालास? … मुळापासून? … नाही, मुळापासून कशाला, आत्ताच सांगितलं ना, वाचतंय म्हणून… … घर घेणारा? कोण माणूस? … कधी बघून गेला? मी तर दिवसभर इथेच… … रस्त्यावरूनच. … त्याला जागा मोकळी हवीय. … झाडाचीच तेवढी अडचण होती.

थांब. थांब जरा, स्वयंपाकघरात येते…

हं, बोल. … आणि बाबा? … ‘चांगली सोय’ म्हणजे? कुठे? … आणि मी? … विचारतेय फक्त. सगळं ठरवलंस, तर हेही ठरवलं असशील. … ‘तू आता मोकळी होशील.’ वा! मोकळी होऊन जाऊ कुठे, दादा? या बावन्नाव्या वर्षी?

… सह्या झाल्या? … झाड पडल्यावर. … बरं. … बरं. … हो, हो, समजलं. मुळापासून. सांगते त्यांना. फोन चालूच राहू दे.

बाई! अहो बाई! इकडे, खिडकीत! … विचारलं मालकाला! हो म्हणाला! … फक्त ती एक फांदी! त्या दोन हलक्या करा, बाकी झाडाला हात लावायचा नाही म्हणाला! … आणि सिमेंट फोडा, तेही म्हणाला! चढा तुम्ही!

… ओरडू नकोस, दादा. तुझा आवाज खिडकीबाहेर जात नाही. … हो, खोटं बोलले. अकरा वर्षं बोलतेय. ‘दादाने तुमची चौकशी केली’ म्हणून बाबांना दर आठवड्याला सांगते. तेव्हा नाही कधी ओरडलास.

… त्यांचा नंबर? नाही देत. … मग ये. ये आणि अडव. दोर पडलासुद्धा फांदीवर. … माहीत आहे मला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला पाठवशील. पाठव. मी कुठे जाणार आहे? इथेच आहे.

आले, बाबा, आले! … हो, दादाचाच होता. … तुमचीच चौकशी करत होता.

ठेवते.