आईने नापसंत केलेला कॅचर

यार, आमच्या ऑफिसात सध्या माझ्यापेक्षा माझ्या आईला जास्त मान आहे. मी इथे अमेरिकेत एका बेसबॉल टीमचा डेटा बघतो, माहितीये ना? टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कॉलेजमधला एक कॅचर निवडला. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, पण सगळी मॅच उकिडवा बसणारा. करार व्हायच्या आधी त्याचा रिपोर्ट मला द्यायचा होता. मी घरी व्हिडिओ लावून बसलो होतो. नागपूरहून आलेली आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "मुलगा गोड आहे, पण उठताना दर वेळी हात टेकतो. गुडघा गेलाय त्याचा."

"आई, एकवीस वर्षांचा आहे तो!"

"मग लपवत असेल. मीसुद्धा दोन वर्षं लपवलंच होतं."

गंमत म्हणून मी रिपोर्टखाली 'आईचं मत: गुडघा तपासा' असं इंग्लिशमध्ये लिहिलं आणि काढायला विसरलो. चार दिवसांनी बॉसचा फोन आला. गुडघा खरंच खराब निघाला होता! मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "तुझी आई कधीपर्यंत आहे? अजून चार कॅचर बघायचेत."

आईला सांगितलं, तर म्हणते, "बघते की. पण चौघांनाही घरी बोलव, पोहे करते. व्हिडिओवरून मुलगा पसंत करत नसतात."