खोकं शोकेसमध्ये, शॅम्पेन साड्यांखाली

आजच्या अध्यक्षा रंजिताताई सबनीस, प्रमुख पाहुणे हमीदभाई, सत्कारमूर्ती सुरेशराव वाकणकर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवती छायावहिनी आणि दुबईच्या ट्रॅफिकमधून वेळेवर पोचलेल्या मोजक्या रसिकहो,

सुरेशराव निवृत्त होऊन पुण्याला निघाले. त्यांच्या कार्याबद्दल ताई बोलल्याच आहेत. मला सुरेशरावांनी विषय दिलाय शॅम्पेनचा. आज आठ वाजता त्यांच्या घरी ती प्रसिद्ध बाटली उघडायची आहे, आणि तिची प्रस्तावना या हॉलमध्ये, पन्ह्याच्या साक्षीने, मी करायची. माझं शिक्षण दहावी. रास अल खोरच्या फळबाजारात कोल्ड स्टोअर सांभाळता सांभाळता द्राक्षांचं पुढचं शिक्षण माझं मीच केलं. हमीदभाई, हा भाग तुम्ही ऐकला नाहीत तरी चालेल.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांताबाहेर काहीही फसफसलं तरी ती शॅम्पेन नव्हे. आणि ज्या बुडबुड्यांसाठी लोक आज जीव टाकतात, ते सुरुवातीला दोष मानले जात. तळघरात बाटल्या फुटायच्या, कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत जायचे. पुढे राजेरजवाड्यांना तोच दोष आवडला आणि त्याचा दर्जा झाला. ऑफिसात हे आपण पाहतोच.

बहुतेक शॅम्पेन अनेक वर्षांच्या वाइन मिसळून करतात. पण एखाद्या वर्षी द्राक्षं अशी उतरतात, की फक्त त्याच वर्षाची वाइन वेगळी ठेवतात आणि बाटलीवर साल छापतात. ती व्हिंटेज. सुरेशरावांची दोन हजार आठची. तिकडे द्राक्षांना ते वर्ष उत्तम गेलं. इकडे त्या वर्षाअखेरीच्या मंदीत आपलं काय काय गेलं, ते जुन्या मंडळींना विचारा.

बाटली ड्यूटी फ्रीमधून आली आणि योग्य प्रसंगाची वाट पाहू लागली. प्रमोशन झालं, तर श्रावण. नवी गाडी आली, तर संकष्टी. वेदांगची अ‍ॅडमिशन झाली, तर नेमकी अंगारकी. वेदांग म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ ड्रिंक." त्या मुलाशी बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

मी मात्र वेगळ्या कारणाने तळमळत होतो. दिव्याच्या उजेडात, उभी, शोकेसमध्ये? वाइन मरते हो अशाने. दर पार्टीत मी हे सांगायचो आणि सोड्याची बाटली घेऊन बूच कसं काढायचं तेही दाखवायचो. फटाका वाजवायचा नाही. बूच घट्ट धरायचं, फिरवायची बाटली. कोणी ऐकत नाही, असा माझा समज होता.

आज इथे येताना गाडीत आमच्या बायकोनं, ममतानं सांगितलं, की छायावहिनींनी ऐकलं होतं. शोकेसमध्ये नुसतं खोकं होतं. बाटली आडवी, अंधारात, त्यांच्या साड्यांखाली होती.

सुरेशराव, 'होती' म्हणालो. पाणी देऊ?

गेल्या गुरुवारी शारजातल्या शाळेत वहिनींचा शेवटचा दिवस होता. एकोणीस वर्षं तिथे शिकवलं. शाळेनं निरोपाला दिलेली कुंडी हातात घेऊन त्या घरी आल्या. सुरेशराव त्यांच्या स्वतःच्या निरोपाच्या लंचला गेले होते. या महिन्यातला चौथा. घरी मदतीला आलेली आमची ममता भांडी पॅक करत बसली होती. वहिनींनी साड्या बाजूला केल्या. ममता म्हणाली, अगं, आज गुरुवार. तर वहिनी म्हणाल्या, "गुरुवार त्यांचा. माझा फक्त शेवटचा दिवस आहे."

बूच अजिबात वाजलं नाही म्हणे. ग्लास पॅक झालेले, म्हणून चहाच्या स्टीलच्या पेल्यांतून प्यायल्या. माझ्या काळजाला घरं पडली, पण चव विचारल्याशिवाय राहवेना. ममता म्हणाली, आधी भाजलेल्या पावाचा वास, मग लिंबाची साल. पुस्तकात शब्दन् शब्द हेच आहे. मला थेंब ठेवला नाही.

मघाशी दारात वहिनींनी मला गाठलं. "भावजी, तुम्ही बोलणारच आहात, तर हेही सांगून टाका. माईकसमोर ते मध्ये बोलत नाहीत."

म्हणून सांगितलं. सुरेशराव, प्रसंग तुम्ही इतकी वर्षं शोधत होतात. तो रोज पहाटे शाळेची बस पकडायला तुमच्याच दारातून बाहेर पडत होता.

रंजिताताई, शाल एकच आणली आहे, मला माहीत आहे. सुरेशरावांच्या खांद्यावरून ती पहिल्या रांगेत न्यायची तर अध्यक्षांची परवानगी लागेल. ...सुरेशराव स्वतःच उठले. मग परवानगीचा प्रश्न मिटला.

मंडळानं मला माईक दिला, आभारी आहे. बोलताना काही सांडलं असेल तर मोठ्या मनानं पुसून घ्यावं. आठ वाजता सगळ्यांनी यायचंच आहे. पन्हं मी आणतो. वहिनी, पेले मात्र तेच काढा.