मैत्रेयीची डॉक्टरीण

नरहरशास्त्र्यांनी दवाखान्यात पेपर उलटा धरला होता, पण शेजारी बसलेल्या दोन जावा इतक्या रंगल्या होत्या की त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. धाकटीची मुलगी आत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे होती.

“गंगेत होडी उलटली तेव्हा मीही होडीत होते, मालविका. लाड मात्र तुझ्या मैत्रेयीचे.”

“पद्मावहिनी, लहान पोर ती. बादली भरली तरी किंचाळायची.”

“आणि आता परातीत पाणी घालून कागदी होड्या सोडते. वर बिस्किट. याला इलाज म्हणतात?”

“भीती हळूहळू जाते म्हणाल्या. काल आपल्या हातानं अंघोळ केली तिनं.”

“करील नाही तर काय. तिचं ऐकायला आख्खी डॉक्टरीण. मी तोंड उघडलं की ह्यांना दुकान आठवतं.”

“तुम्ही तरी कुठे सांगता? यंदा कार्तिकस्नानाला घाटावर पाऊल नाही तुमचं.”

“गुडघे दुखतात.”

“त्याच गुडघ्यांनी वाळवण घालायला गच्ची चढता. नळ जोरात सोडला की मात्र स्वयंपाकघरातून उठून जाता.”

“पाळत ठेवतेस माझ्यावर?”

“मी नाही, मैत्रेयी ठेवते. मागच्या खेपेला आत सांगून आली, मोठ्या काकूलाही होड्या द्या म्हणून.”

“...मग काय म्हणाली तिची डॉक्टरीण?”

दार उघडलं. मैत्रेयी बाहेर आली. मागोमाग आतून हाक आली, “अगला नंबर?”

“पोरीला काय शिकवतात, तेवढं बघून येते,” म्हणत पद्मावहिनी ताडकन उठल्या.

नंबर शास्त्र्यांचा होता. त्यांनी पेपर सुलटा केला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला.